निळी पुस्तके, पांढरे हातमोजे : वेल्सने स्वतःकडे कसे पाहिले

१

ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवले जाणारे अहवाल निळ्या कागदी वेष्टनात बांधले जात, त्यामुळे त्यांना ‘ब्लू बुक’ म्हणण्याचा प्रघात पडला. एकोणिसाव्या शतकात अशी निळी पुस्तके ढिगांनी निघाली. कारखाने, गिरण्या, गटारे, तुरुंग, दारिद्र्य असे सगळे विषय त्यांत आले. बहुतेक पुस्तके छापली गेली, चर्चेला आली आणि कपाटात जाऊन बसली. १८४७ साली वेल्समधील शिक्षणाच्या स्थितीवर प्रसिद्ध झालेले तीन खंड मात्र कपाटात राहिले नाहीत. बाराशेंवर पानांचा तो मजकूर संपूर्ण वाचणारे फार थोडे असतील. पण त्यात आपल्याविषयी काय लिहिले आहे हे वेल्समधल्या घराघरात ठाऊक झाले. त्या खंडांना वेल्श भाषेत जे नाव पडले ते अजून टिकून आहे : ‘ब्राड अ ल्हव्राय ग्लेइशॉन’, म्हणजे ‘निळ्या पुस्तकांचा दगा’.

या प्रकरणाचा इतिहास म्हणून विचार पुष्कळ झाला आहे. मला त्याकडे वाङ्मयाच्या अंगाने पाहायचे आहे. एका समाजाचे वर्णन बाहेरचा माणूस करतो. ते वर्णन अपमानकारक असते. मग त्या समाजातले लेखक उत्तर देतात. उत्तर देताना ते स्वतःचे जे चित्र काढतात, ते कितपत त्यांचे स्वतःचे असते? आणि उत्तर देण्याच्या ओझ्यातून सुटून त्या समाजाला स्वतःविषयी खरे लिहिता येते का, येत असेल तर कधी? या प्रश्नांसाठी तीन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत असे वाटते. पहिले म्हणजे १८४७ चा अहवाल. दुसरे, हेन्री रिचर्ड यांनी १८६६ साली एका लंडनच्या वृत्तपत्रात लिहिलेली आणि नंतर पुस्तकरूप झालेली वेल्सच्या सामाजिक व राजकीय स्थितीवरची पत्रे. तिसरे, डॅनियल ओवेन यांची १८८५ ची ‘रीस लुईस’ ही कादंबरी. पहिली दोन इंग्रजीत आहेत, तिसरे वेल्शमध्ये. कादंबरी मी वाचली ती जेम्स हॅरिस यांच्या १८८८ च्या इंग्रजी भाषांतरातून. तेव्हा मोल्ड गावच्या बोलीची मूळ चव या विवेचनात येणार नाही. रचना आणि पात्रे यांविषयी मात्र बोलता येते.

२

चौकशीची मागणी एका वेल्श माणसानेच केली होती. कार्मार्थनशायरमध्ये जन्मलेले, लंडनमध्ये व्यापारात पैसा कमावलेले आणि कॉव्हेंट्रीचे प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात बसलेले विल्यम विल्यम्स यांनी मार्च १८४६ मध्ये हा ठराव मांडला. वेल्श गरिबांना इंग्रजी शिकण्याची साधने मिळावीत, हा त्यांचा हेतू होता. सरकारला दुसरी काळजी होती. १८३१ साली मर्थर टिडविल येथे लोहकामगारांनी गाव ताब्यात घेतले होते. नोव्हेंबर १८३९ मध्ये न्यूपोर्टला चार्टिस्टांच्या मोर्चावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी पश्चिम वेल्समध्ये शेतकऱ्यांनी बायकांचे कपडे घालून, तोंडाला काळे फासून, रात्री रस्त्यांवरची टोलची फाटके फोडायला सुरुवात केली. ‘रिबेका’ या बायबलमधल्या नावाने ओळखले जाणारे हे दंगे १८४२-४३ मध्ये पुन्हा भडकले. जे लोक आपल्याला न कळणाऱ्या भाषेत बोलतात आणि त्याच भाषेत कट करतात, त्यांच्या डोक्यात काय चालले आहे हे सरकारला जाणून घ्यायचे होते. शाळांची चौकशी हा त्यासाठी सोयीचा दरवाजा होता.

लिंगेन, सायमन्स आणि व्हॉन जॉन्सन हे तीन आयुक्त नेमले गेले. तिघेही इंग्रज, तिघेही चर्च ऑफ इंग्लंडचे, तिघांनाही वेल्श येत नव्हते. ज्या प्रदेशात ते गेले तिथल्या बहुसंख्य लोकांची भाषा वेल्श होती आणि धर्म चॅपेलचा होता. मेथडिस्ट, इंडिपेंडंट, बॅप्टिस्ट अशा अधिकृत चर्चबाहेरच्या पंथांना मिळून ‘नॉनकन्फॉर्मिस्ट’ म्हणत. मार्च १८५१ च्या धार्मिक जनगणनेत दिसले की वेल्समध्ये रविवारी उपासनेला जाणाऱ्यांपैकी सुमारे चार-पंचमांश लोक चॅपेलमध्ये जात होते. आयुक्तांनी वेल्श येणारे साहाय्यक घेतले, पण तेही बरेचसे लॅम्पिटरच्या अँग्लिकन कॉलेजातले विद्यार्थी. साक्षी घेतल्या त्या बहुतांशी चर्चच्या पाद्र्यांच्या, जमीनदारांच्या आणि मॅजिस्ट्रेटांच्या. या पाद्र्यांची चर्चे ओस पडत चालली होती आणि शेजारचे चॅपेल ओसंडून वाहत होते. अशा माणसाला शेजाऱ्याच्या नीतिमत्तेविषयी विचारले तर उत्तर काय येणार?

३

असे असले तरी हा अहवाल नुसता खोटा म्हणून बाजूला टाकता येत नाही. बारकाईने वाचला की त्यात दोन वेगवेगळी पुस्तके दिसतात : एक पाहिलेल्या गोष्टींचे, एक ऐकलेल्या गोष्टींचे.

पाहिलेल्या गोष्टींचे पुस्तक अस्सल आहे. मातीच्या जमिनीच्या, गळक्या छपराच्या, धुराने भरलेल्या खोल्या. दुसरे कुठलेही काम जमले नाही किंवा अपघाताने अपंगत्व आले म्हणून मास्तर झालेली माणसे. इंग्रजी बायबल घडाघडा वाचणारी, पण वाचलेल्या एका शब्दाचाही अर्थ न कळणारी मुले. ही निरीक्षणे शाळेगणिक येतात आणि आजचे अभ्यासकही ती वापरतात. गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवण्याच्या शिक्षेची नोंद याच अहवालात आहे. शाळेत वेल्श बोलताना जो मुलगा सापडेल त्याच्या गळ्यात तो तुकडा पडे. दुसरा कोणी बोलताना सापडला की तो त्याच्याकडे जाई. दिवसअखेर ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार बसे. मुलांना एकमेकांवर पाळत ठेवायला शिकवणारी ही पद्धत जॉन्सनला निंद्य वाटली. ही शिक्षा निळ्या पुस्तकांनी आणली असा समज पुढे रूढ झाला. प्रत्यक्षात ती आधीपासून चालत आली होती, कुठल्या सरकारी हुकमाने नव्हे, आणि कित्येक आईबापांचाही तिला पाठिंबा होता. लोकांच्या आठवणीत मात्र अहवाल आणि लाकडाचा तुकडा एकत्र झाले, कारण दोन्हींतून पोचणारा निरोप एकच होता.

लिंगेनचे एक निरीक्षण तर विसरता येत नाही. लोखंडाच्या भट्टीपासून कचेरीपर्यंतची उतरंड पाहून तो लिहितो त्याचा आशय असा : वेल्श माणूस कामगार म्हणून सगळीकडे आहे, पण हिशेबाच्या टेबलापाशी तो दिसत नाही, त्याची भाषा त्याला जहाजाच्या तळघरात कोंडून ठेवते. निरीक्षण बरोबर आहे. निष्कर्ष मात्र उलटा आहे. टेबलापाशी बसलेल्याने वेल्श शिकावे, ही शक्यता त्याच्या मनाला शिवतही नाही. तळघराचे झाकण कोणी लावले हे न विचारता आत असलेल्यालाच दोष देणे, हे या अहवालाच्या तर्काचे मूळ रूप आहे.

ऐकलेल्या गोष्टींचे पुस्तक याहून वाईट. वेल्श लोक खोटे बोलतात, दारू पितात आणि, सर्वांत झोंबणारा आरोप, वेल्श स्त्रिया लग्नाआधी शील राखत नाहीत. शेतावर राबणाऱ्या गड्यांचे आणि मोलकरणींचे रात्रीचे भेटणे, अंथरुणावर बसून चालणारे प्रियाराधन, चॅपेलच्या संध्याकाळच्या सभांहून मुलामुलींचे एकत्र परतणे हे सर्व साक्षींत येते आणि त्याचे खापर भाषेवर व चॅपेलवर फोडले जाते. गंमत अशी की खरे कारण त्याच साक्षींत पडलेले आहे. गडीमाणसांना झोपायला गोठ्यावरचा माळा, मजुराच्या कुटुंबाला एकच खोली. घरे बांधून देण्याची जबाबदारी ज्यांची, ते जमीनदार साक्षीदारांच्या रांगेत बसलेले. पुरावा एक सांगतो आणि निष्कर्ष दुसरा निघतो. वाङ्मयीन दृष्टीने पाहिले तर या मजकुराचा निवेदकच विश्वासार्ह नाही.

४

उत्तर लगेच आले, आणि ते संतापाचे होते. सर्वांत नेटके उत्तर येइयन ग्विनेद या टोपणनावाने लिहिणाऱ्या इव्हान जोन्स या तरुण धर्मोपदेशकाचे. त्याने आकडे काढले. विवाहबाह्य जन्मांचे प्रमाण इंग्लंडच्या परगण्यांशी ताडून पाहिले आणि वेल्स इंग्लंडहून फारसा निराळा नाही हे दाखवले. क्षयाने पोखरलेला हा माणूस १८५२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या आसपास गेला. पण त्याआधी, १८५० साली, त्याने स्त्रियांसाठी एक वेल्श मासिक सुरू केले. नाव ‘अ गम्राइस’, म्हणजे ‘वेल्श स्त्री’. १८५४ मध्ये आर. जे. डेरवेल या कवीने आयुक्तांवर उपहासात्मक नाटक लिहिले. त्यात नरकातले सैतान वेल्सविरुद्ध कट रचतात. नाटकाचे नाव ‘निळ्या पुस्तकांचा दगा’, आणि तेच पुढे रूढ झाले. त्या नावामागे एक जुनी दंतकथा आहे : मेजवानीला बोलावून सॅक्सनांनी लपवलेल्या सुऱ्या काढल्या आणि बेसावध ब्रिटन सरदारांची कत्तल केली, तो ‘लांब सुऱ्यांचा दगा’. डेरवेलने सुरीच्या जागी पुस्तक ठेवले. एका शब्दाच्या बदलाने चालू राजकारणाला हजार वर्षांची खोली मिळाली. प्रचारवाङ्मयात असे भाग्य फार थोड्या शीर्षकांना लाभते.

पण या उत्तरांत एक फट होती. ‘आम्ही तसे नाही’ असे म्हणताना वेल्श लेखकांनी आरोप करणाऱ्याचे मोजमाप स्वीकारले. सभ्यपणा म्हणजे काय हे इंग्रज मध्यमवर्ग ठरवणार, आणि त्या परीक्षेत आम्ही तुमच्याहून जास्त गुण मिळवून दाखवणार, अशी ही भूमिका होती. तिचा सर्वाधिक भार स्त्रियांवर पडला. आरोप त्यांच्यावर झाला होता, म्हणून निर्दोषपणाचा पुरावाही त्यांनीच व्हायचे. ‘अ गम्राइस’च्या पानांवरची आदर्श स्त्री शीलवान, काटकसरी, घर झाडूनपुसून ठेवणारी, मुलांना प्रार्थना शिकवणारी आहे. शेतात राबणारी, खाणीच्या तोंडाशी कोळसा निवडणारी, बाजारात लोकर विकणारी बाई तिथे फारशी दिसत नाही.

याच काळात वेल्सला एक लाडके बिरुद मिळाले : ‘पांढऱ्या हातमोज्यांचा देश’. फिरत्या न्यायालयापुढे एकही फौजदारी खटला नसला तर न्यायाधीशाला पांढरे हातमोजे भेट देण्याची चाल होती. वेल्समध्ये असे प्रसंग वारंवार येतात, हे अभिमानाने सांगितले जाऊ लागले. हातमोजे खरे होते. पण हातमोजा हात झाकण्यासाठीही असतो.

या चौकटीला बाजूने धक्का देणारी एक स्त्री होती. सारा जेन रीस, टोपणनाव क्रनॉगवेन, ही ल्हानग्रानॉग या किनाऱ्यावरच्या गावातल्या जहाजाच्या कप्तानाची मुलगी. ती स्वतः नौकानयन शिकली आणि खलाशांना शिकवू लागली. १८६५ च्या अ‍ॅबरिस्टविथच्या आइस्टेडव्हॉडमध्ये, म्हणजे काव्य-संगीताच्या पारंपरिक स्पर्धामेळ्यात, तिच्या ‘लग्नाची अंगठी’ या कवितेला बक्षीस मिळाले. हरलेल्यांत इस्लुइन आणि केइरियॉग हे त्या काळचे दोन नामवंत कवी होते. विषय पुन्हा लग्नाचाच, हे खरे. पण बोलणारी स्त्री होती, आणि आयुष्यभर अविवाहित राहिलेली. पुढे १८७८ पासून दहा वर्षांहून अधिक काळ तिने ‘अ व्रथोनेस’ हे स्त्रियांचे मासिक चालवले. अहवालाने ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यातल्या एकीच्या हाती संपादकाची लेखणी यायला तीस वर्षे लागली.

५

हेन्री रिचर्ड यांची पत्रे हे या उत्तर-परंपरेचे सर्वांत प्रौढ फळ. ट्रेगॅरनला १८१२ मध्ये जन्मलेले, धर्मोपदेशक म्हणून सुरुवात केलेले रिचर्ड १८४८ पासून लंडनच्या ‘पीस सोसायटी’चे चिटणीस होते. युद्धापेक्षा लवादाने आंतरराष्ट्रीय तंटे मिटावेत यासाठी त्यांनी उभी हयात घालवली. इंग्रज वाचकाशी कोणत्या सुरात बोलावे हे त्यांना पक्के ठाऊक होते. आवाज चढत नाही, पुरावा सुटत नाही.

पत्रांचा एक भाग जुन्याच धाटणीचा आहे. वेल्श लोक धर्मनिष्ठ, कायदा पाळणारे, वाचनप्रिय, गुन्हे कमी, रविवारच्या शाळांत लहानमोठे सगळे बायबल वाचायला शिकतात. हे बरेचसे खरेही होते. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स यांच्या फिरत्या शाळांनी आणि पुढे रविवारच्या शाळांनी मातृभाषेतून साक्षरता दिली, ही युरोपातही उठून दिसणारी गोष्ट आहे. पण मर्थर, न्यूपोर्ट आणि रिबेका यांचे काय करायचे, हा प्रश्न रिचर्ड यांना अडचणीचा पडतो. ते दंगे म्हणजे स्वभावाला सोडून घडलेले अपवाद, असे त्यांना दाखवावे लागते. पांढऱ्या हातमोज्यांवर काजळी दिसू द्यायची नाही.

दुसरा भाग मात्र नवा आहे आणि तिथे त्यांची लेखणी धारदार होते. जो देश चॅपेलमध्ये जातो त्याचे पार्लमेंटातले प्रतिनिधी चर्चला जाणारे जमीनदार कसे? निवडणूक म्हणजे दोन-चार घराण्यांतली लढत, आणि कूळ आपल्या मालकामागे जुन्या टोळीतल्या शिपायाप्रमाणे चालणार, या व्यवस्थेला ते लोकांच्या भाषेचा किंवा स्वभावाचा दोष म्हणत नाहीत. तिला सत्तेचा प्रश्न म्हणतात. अहवालाने ‘हे लोक असे का?’ विचारले होते. रिचर्ड विचारतात, ‘या लोकांचे कोण ऐकते?’ वीस वर्षांत प्रश्नच बदलला.

हा केवळ लेखी युक्तिवाद राहिला नाही. १८६७ च्या सुधारणा कायद्याने शहरी कामगारांना मत मिळाले आणि मर्थर टिडविल मतदारसंघातील मतदारांची संख्या १,३८७ वरून १४,५७७ वर गेली. १८६८ मध्ये रिचर्ड तिथे उभे राहिले आणि ११,६८३ मते घेऊन पहिले आले. गृहमंत्रिपद पुढे भूषवणारे एच. ए. ब्रूस तिथे पडले. ग्रामीण भागात मात्र या निवडणुकीची किंमत कुळांनी मोजली. मत उघडपणे द्यावे लागे. जमीनदाराविरुद्ध मत दिलेल्या कार्डिगनशायर, कार्मार्थनशायर आणि उत्तरेकडील अनेक कुळांना शेते सोडण्याच्या नोटिसा आल्या. रिचर्ड यांनी १८६९ मध्ये हा प्रश्न पार्लमेंटात उभा केला. त्या वर्षीच्या चौकशी समितीपुढे या हकिकती आल्या आणि १८७२ मध्ये गुप्त मतदानाचा कायदा झाला. मतपेटीच्या इतिहासात वेल्श कुळांची ही जागा विसरू नये.

तरीही एक टोचणी उरते. मर्थरच्या विजयाची कहाणी पुढे ‘नॉनकन्फॉर्मिस्ट वेल्सचा विजय’ म्हणून सांगितली गेली. मतदारांत खाणकामगार मोठ्या संख्येने होते आणि ब्रूस यांच्यावर त्यांचा राग होता तो खाणींतल्या सुरक्षिततेवरून आणि दुहेरी पाळीच्या प्रश्नावरून. चॅपेलला जाणारा माणूस आणि खाणीत उतरणारा माणूस एकच होता. पण रिचर्ड यांच्या चित्रात पहिला पूर्ण उजेडात आहे आणि दुसरा अर्धवट अंधारात.

६

या दरम्यान वेल्सला एक प्रशंसकही लाभला होता. मॅथ्यू अर्नल्ड यांनी ऑक्सफर्डला केल्टिक वाङ्मयावर व्याख्याने दिली आणि १८६७ मध्ये ती पुस्तकरूप झाली. केल्टिक प्रतिभेत निसर्गाची जादू आहे, शैली आहे, हळवेपणा आहे, असे ते मनापासून म्हणतात. आणि त्याच दमात म्हणतात की व्यवहाराची भाषा म्हणून वेल्श जितकी लवकर नाहीशी होईल तितके बरे. शाळातपासनीस अर्नल्ड आणि समीक्षक अर्नल्ड यांच्यात इथे भांडण नाही. मेलेल्या भाषेच्या वाङ्मयावर प्रेम करणे सोपे असते. १८७७ मध्ये ऑक्सफर्डला केल्टिक भाषेचे अध्यासन झाले, तेव्हा वेल्समधल्या प्राथमिक शाळा इंग्रजीतूनच चालत होत्या.

वेल्श पुढाऱ्यांनी हा सौदा बराचसा मान्य केला. ह्यू ओवेन यांनी १८६२ पासून राष्ट्रीय आइस्टेडव्हॉडला ‘समाजशास्त्र विभाग’ जोडला. त्याचे कामकाज इंग्रजीत. त्यांच्याच खटपटीतून १८७२ मध्ये अ‍ॅबरिस्टविथला, समुद्रकाठच्या एका न चाललेल्या हॉटेलच्या इमारतीत, विद्यापीठ कॉलेज उघडले. पहिले विद्यार्थी जेमतेम पंचवीस-सव्वीस. गरीब माणसांनी चॅपेलमध्ये गोळा केलेल्या नाण्यांवर ते पुढे जगले, ही वेल्सच्या इतिहासातली सुंदर गोष्ट आहे. पण शिकवण्याची भाषा इंग्रजी. निळ्या पुस्तकांवर सर्वांत जास्त चिडलेल्या पिढीनेच त्यांच्या शिफारशी अमलात आणल्या. ज्यांना हे मान्य नव्हते त्यांच्यात मायकेल डी. जोन्स होते. १८५९ च्या निवडणुकीनंतर त्यांच्या आईला तिच्या शेतातून काढले गेले होते. वेल्श भाषेत जगायचे तर वेल्सबाहेर गेले पाहिजे या निष्कर्षाला ते आले. मे १८६५ मध्ये ‘मिमोसा’ जहाज सुमारे दीडशे वेल्श माणसांना घेऊन लिव्हरपूलहून निघाले आणि जुलैअखेर दक्षिण अमेरिकेच्या पॅटागोनियात पोचले.

भारताशी या सगळ्याचा एक खरा दुवा आहे, आणि तो खासी टेकड्यांत सापडतो. ज्या कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट पंथाला निळ्या पुस्तकांनी मागासपणाचे आगर ठरवले, त्याच पंथाचा टॉमस जोन्स हा मिशनरी १८४१ साली चेरापुंजीला पोचला होता. खासी भाषेला त्याने रोमन लिपी दिली ती वेल्श वळणाची. आजही खासी वर्णमालेत ‘बी’नंतर ‘के’ येतो, कारण ती जागा मूळ ‘सी’ची, आणि ‘जी’नंतर ‘एन्जी’ हे जोडाक्षर स्वतंत्र वर्ण म्हणून येते, वेल्शमध्ये येते तसेच. लंडनच्या लेखी जी भाषा अडथळा होती, तिचा साचा दुसऱ्या एका भाषेच्या साक्षरतेचा पाया ठरला. अर्थात तिथे जोन्स बाहेरून आलेला वर्णनकार होता. भूमिका बदलल्या होत्या.

७

आता तिसरे पुस्तक. डॅनियल ओवेन १८३६ मध्ये मोल्ड या ईशान्य वेल्समधल्या गावात जन्मला. पुढच्याच वर्षी खाणीत पाणी घुसून त्याचे वडील आणि दोन भाऊ बुडाले. आईने दारिद्र्यात वाढवले. तो शिंपीकाम शिकला. धर्मोपदेशक होण्यासाठी १८६५ मध्ये बालाच्या कॉलेजात गेला, पण दोन-अडीच वर्षांत घरी परतला आणि पुन्हा सुई हातात घेतली. ‘रीस लुईस’ १८८२ पासून ‘अ ड्रसॉर्वा’ या मेथडिस्ट मासिकात क्रमशः आली. धार्मिक मासिकात कादंबरी छापणे तेव्हा धाडसाचेच होते, कारण कल्पित म्हणजे असत्य असे मानणारे वाचक पुष्कळ होते. म्हणून कादंबरीने आत्मचरित्राचा वेष घेतला आहे : ‘बेथेल चॅपेलचा धर्मोपदेशक रीस लुईस याचे आत्मचरित्र’.

या वेषातच पुस्तकाची किल्ली आहे. मृत उपदेशकांची गौरवपर चरित्रे हा तेव्हाचा सर्वांत लोकप्रिय वेल्श गद्यप्रकार. रीस सुरुवातीलाच सांगतो की हे लिखाण छापण्यासाठी नाही, स्वतःसाठी आहे. म्हणून खरे लिहिता येईल. वरवर हा साधा निवेदनाचा डाव वाटतो. निळ्या पुस्तकांनंतरच्या चाळीस वर्षांच्या पार्श्वभूमीवर तो मोठा निर्णय आहे. त्या काळात वेल्श लेखक लिहायला बसला की कोणीतरी इंग्रज खांद्यावरून वाचतो आहे याचे भान त्याला असे. डॅनियल ओवेन तो वाचक खोलीबाहेर घालवतो आणि दार लावून घेतो.

दार लागल्यावर काय दिसते? अहवालात असलेले आणि उत्तरांत नसलेले पुष्कळ काही. शाळामास्तर रॉबिन हा लाकडी पायाचा माजी सैनिक, मुलांना झोडपणारा. १८४७ च्या अहवालातून थेट उठून आल्यासारखा. रीसचा बाप घर टाकून गेलेला, त्याचा काका चोरून शिकार करणारा उडाणटप्पू. चॅपेलमध्ये प्रेमळ माणसे आहेत तशी कोत्या मनाचीही आहेत. धाकट्या भावाला मारणाऱ्या रॉबिनला बॉब चोप देतो, म्हणून चॅपेल बॉबला बहिष्कृत करते. प्रामाणिक, विचारी, खाणकाम करून वाचन करणारा हा तरुण पुन्हा कधी सभासद होत नाही. संस्थेने चांगला माणूस कसा गमावला, हे त्याच संस्थेच्या मासिकात छापून येत होते!

बॉब हे कादंबरीचे सर्वांत खोल पात्र. संपात तो कामगारांचा पुढारी होतो. इंग्रज मॅनेजरला जमाव बळजबरीने रेल्वेत बसवून गावाबाहेर काढतो तेव्हा बॉब विरोध करतो, आणि तुरुंगात मात्र तोच जातो. या भागामागे मोल्डची १८६९ ची घटना आहे. लीसवुड ग्रीन खाणीच्या इंग्रज मॅनेजरने मजुरी कमी केली, खाणीत वेल्श बोलायला बंदी केली. कामगारांनी त्याला स्टेशनवर नेऊन गाडीत घातले. २ जून १८६९ रोजी दोघांना शिक्षा झाली, जमावाने दगड मारले, सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि चार माणसे मेली. मरणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. डॅनियल ओवेन तेव्हा मोल्डमध्येच होता. कादंबरीत त्याने गोळीबार घेतला नाही. ही उणीव मानावी का? मला वाटते, काही अंशी हो. मासिकाच्या मर्यादेने त्याचा हात आखडला असावा. पण बदल्यात त्याने जे दिले ते वृत्तान्ताने मिळाले नसते. आई मारी लुईस आणि बॉब यांचे संवाद पाहावेत. ती बायबलवर उभी, तो न्यायावर उभा. ती अडाणी नाही, तो नास्तिक नाही. दोघांचे एकमेकांवर जिवापाड प्रेम आणि दोघांनाही एकमेकांचे पटत नाही. हेन्री रिचर्ड यांनी ज्या दोन माणसांना, चॅपेलच्या आणि खाणीच्या, एका चौकटीत बसवायचे टाळले, ती दोघे इथे एकाच घरात बसून भांडतात. बॉब पुढे खाणीतल्या स्फोटात मरतो, आणि वाद अनिर्णित राहतो.

मारी लुईस ही आदर्श वेल्श माता आहे असे म्हणून टीका करता येईल, आणि ती टीका निराधार नाही. ‘अ गम्राइस’ची सावली तिच्यावर आहे. पण ओवेनने तिला हट्ट दिला, जीभ दिली, चूक करण्याचा हक्क दिला. कथानकात योगायोग जास्त आहेत. हरवलेल्या बापाचे धागे ओढूनताणून बांधले आहेत. खुद्द रीस हा निवेदक फिकट आहे. त्याचा मित्र विल ब्रायन पानावर आला की पान उजळते. ढोंगाला नकली नाण्यासारखे दातावर वाजवून पाहणारा, खट्याळ, ‘निसर्गाशी प्रामाणिक’ राहायला सांगणारा विल नीतीच्या हिशेबात घसरतो. तरी वाचकाची माया त्याच्यावरच राहते. टोमॉस बार्टली हा कोंबड्या आणि डुक्कर पाळणारा साधा म्हातारा बालाच्या कॉलेजला भेट देतो ते प्रकरण विनोदाचा नमुना आहे. निळ्या पुस्तकांनी टोमॉसला ‘अज्ञानी’ या एका रकान्यात टाकले असते. उत्तर देणाऱ्यांनी त्याला ‘धर्मपरायण’ या दुसऱ्या रकान्यात टाकले असते. ओवेन त्याला माणूस म्हणून रस्त्यावर चालू देतो.

८

तीन पुस्तकांना एका ओळीत लावून ‘निंदा, समर्थन, सत्य’ अशी पायरी दाखवण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. रिचर्ड यांनी पत्रे लिहिली नसती तर कुळांची बाजू पार्लमेंटात इतक्या ठामपणे आली नसती. कादंबरीने कायदे बदलत नाहीत. निंदेला उत्तर द्यावेच लागते. आणि सभ्यपणाचा तो जाचक आग्रह नसता तर चॅपेलांनी कदाचित मासिके काढली नसती, आणि डॅनियल ओवेनला वाचकही मिळाला नसता. उत्तर देणाऱ्यांनी जी भिंत बांधली तिच्या आडोशालाच ओवेनची खोली उभी राहिली.

पण हेही तितकेच खरे की समर्थनाची सवय लागली की ती निंदा संपल्यावरही सुटत नाही. आपल्यातले दोष आपण बोललो तर ‘ते’ काय म्हणतील, ही भीती लेखकाच्या हातावर पांढरा हातमोजा चढवते. १८९१ च्या जनगणनेत वेल्समधल्या लोकांना प्रथमच भाषा विचारली गेली आणि निम्म्याहून अधिक लोकांनी आपल्याला वेल्श येते असे सांगितले. अहवालाने तिला व्यवहारातून हद्दपार करायचे ठरवल्यावर चव्वेचाळीस वर्षांनी ही स्थिती होती. ती टिकवण्यात चॅपेलचा, मासिकांचा, आइस्टेडव्हॉडचा वाटा आहेच. त्या भाषेत आपल्याच माणसांविषयी न घाबरता बोलता येते हे मात्र मोल्डच्या शिंप्याने दाखवले. भाषा जिवंत असल्याचा याहून मोठा पुरावा कुठल्याही आयोगापुढे ठेवता आला नसता, आणि तो कुठल्याही आयोगासाठी लिहिलेला नव्हता.